‘रनआउट’ तुम्हाला आधीच येतंय

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे २७ वर्षांचे आहेत. शाळा मराठी माध्यमाची, नंतर मेकॅनिकल डिप्लोमा, आता कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला. त्यांनी ३०० फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ‘गेट अप’सारख्या क्रियापद अधिक छोटा शब्द अशा जोड्यांची, यादी कुठून तरी मिळवली, महिनाभर रोज दहा पाठ केली आणि आता त्यातली पंधरासुद्धा आठवत नाहीत. दर मंगळवारी पुण्याच्या कस्टमरबरोबर कॉल असतो. समोरचा ‘लेट्स पुट इट ऑफ’ की काहीतरी म्हणतो, ते कळेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. ते विचारतात, “मॅडम, ही फ्रेजल व्हर्ब शिकायची कशी? आणि या वयात जमतील का?”

वयाचं आधी मिटवते. कोल्हापुरात राजारामपुरीत मी २२ वर्षं इंग्रजी बोलायला शिकवते. माझ्याकडं गुळाचे एक अडते आले होते, वय ५८, मुलगी परदेशात, जावई तिकडचा. त्यांना वर्षभरात जमलं. तुम्हाला काय धाड भरलीय? अडचण यादीची आहे.

अशा याद्या क्रियापदावरून लावलेल्या असतात. गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू, एकाखाली एक. लग्नात चाळीस पाटलांशी एका दमात ओळख करून द्यावी तसं हे होतं. सगळेच पाटील, त्यात कोण कुणाचा हे कसं लक्षात राहणार? डोक्याला दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला काहीतरी खूण लागते आणि या याद्या नेमकी खूणच पुसून टाकतात.

आता तुमच्या फाउंड्रीत चला. साचा नीट बसला नाही की ओतलेलं मेटल सांध्यातून बाहेर येतं, त्याला तुम्ही काय म्हणता? रनआउट. कास्टिंग गार झाल्यावर साचा फोडून ते बाहेर काढतात, ते नॉकआउट. दोन्ही शब्द तिथला दहावी नापास हेल्परसुद्धा दिवसातून वीस वेळा म्हणतो. मग ‘वी हॅव रन आउट ऑफ सँड’ हे वाक्य अवघड का वाटावं? मेटल बाहेर वाहून गेलं, आत काही उरलं नाही. सँड संपली, आत काही उरलं नाही. चित्र तेच आहे. पहिल्यात मेटल डोळ्यांसमोर सांडतं, दुसऱ्यात काही सांडत नाही, नुसतं संपतं, एवढाच फरक. क्रिकेटमधला रनआउट मात्र वेगळ्या घरचा, तिथं ‘आउट’ म्हणजे बाद. त्याला यात ओढू नका.

म्हणजे तुमची पाटी कोरी नाही. कागद घ्या आणि रोज तोंडात येणारे शब्द लिहून काढा: ब्रेकडाउन, सेटअप, बॅकअप, चेकअप, फॉलोअप, लॉगइन, शटडाउन, हँडओव्हर, कटऑफ, टेकऑफ, पिकअप, मेकअप, ड्रॉपआउट. गाडीचा पिकअप, अकरावीच्या प्रवेशाचा कटऑफ, कोरोनातलं लॉकडाउन. माझ्या वर्गात कुणीही बसल्या बसल्या चाळीसपर्यंत जातं. हे सगळे शब्द फ्रेजल व्हर्बच्याच घरातले आहेत. आपण ते नाम म्हणून उचलले आणि पुढं मराठी ‘होणे’, ‘करणे’ जोडून दिलं. मशीन ब्रेकडाउन झालं. फॉलोअप केला. मराठीत हे झकास चालतं. घोळ होतो तो इंग्रजी बोलताना हेच ‘होणे-करणे’ सोबत नेल्यामुळं. माझ्या वर्गात ऐकलेलं वाक्य: ‘सर, इन मशीन ब्रेकडाउन इज हॅपन्ड.’ म्हणायचं होतं ‘द मशीन ब्रोक डाउन’. जुळलेला शब्द सोडवायचा, पहिला तुकडा काळाप्रमाणं बदलायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. ब्रेक डाउन, ब्रोक डाउन, हॅज ब्रोकन डाउन. फॉलो अप, फॉलोड अप. उच्चारातही एक खूण आहे. नाम असेल तर जोर सहसा पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘ब्रेकडाउन’ म्हणताना ‘ब्रेक’ ठळक, ‘इट ब्रोक डाउन’ म्हणताना ‘डाउन’ ठळक. लिहितानाही नाम सहसा जोडून किंवा मधे छोटी रेघ देऊन लिहितात, क्रियापद कायम तोडून.

या चाळीस शब्दांची क्रियापदं करून बोलायला लागलात की पहिला महिना गेला. नवीन एकही शब्द पाठ न करता.

आता मुख्य मुद्दा, आणि तो कुठल्याही यादीत नसतो. फ्रेजल व्हर्ब ही इंग्रजांची काहीतरी वेगळी भानगड आहे असं आपल्याला शिकवलं जातं. तसं काही नाही. आपण हाच खेळ दिवसभर खेळतो, फक्त आपला दुसरा तुकडाही क्रियापदच असतो. खा, आणि खाऊन टाक. दोन्हींत खाणंच आहे, पण ‘टाक’ आला की ताट स्वच्छ झालं पाहिजे. इंग्रज ‘ईट’ म्हणतो आणि मग ‘ईट अप’ म्हणतो. तो ‘अप’ म्हणजे आपला ‘टाक’. पिऊन टाक, ड्रिंक अप. वापरून टाक, यूज अप. वर जाण्याचा आणि संपवण्याचा संबंध काय, असं मुलं विचारतात. कळशी भरताना पाणी वर वर येत काठाला टेकलं की कळशी पूर्ण भरली. फिल अप. वर आलं म्हणजे पुरं झालं, हे तिथनं निघालं असं समजा. लक्षात ठेवायला एवढं पुरतं.

सगळ्यात छान जमते ती ‘काढ’ आणि ‘आउट’ची जोडी. कपडे पिळून काढ, रिंग आउट. खोली झाडून काढ, स्वीप आउट. डाळीतले खडे निवडून काढ, पिक आउट. हे कुणी केलं ते शोधून काढ, फाइंड आउट. हिशोब कुठं चुकला ते हुडकून काढ, फिगर आउट. आत, झाकलेलं, मिसळलेलं असं काहीतरी बाहेर आणायचं आहे. मराठीत जिथं ‘काढ’ येतो तिथं इंग्रजीत आधी ‘आउट’ लावून बघा, बऱ्याचदा बसतो.

‘ठेव’ला ‘डाउन’ आणि ‘अवे’ असे दोन जोडीदार आहेत. लिहून ठेव, राइट डाउन. आवरून ठेव, पुट अवे. ‘राहा’ आणि ‘बस’ हे ‘ऑन’कडं जातात. चालू राहू दे, कॅरी ऑन. आणि ‘तो आपला बोलतच बसला’ याला इंग्रजीत ‘ही वेंट ऑन अँड ऑन’ म्हणतात. त्यातला वैतागसुद्धा जसाच्या तसा उतरतो.

‘टाक’चं गणित मात्र सरळ नाही, हेही सांगते. माल विकून टाक, सेल ऑफ. कर्ज फेडून टाक, पे ऑफ. जुनी पुस्तकं देऊन टाक, गिव्ह अवे. आपण तिन्हीकडं ‘टाक’ म्हणतो, इंग्रज तीन वेगळे शब्द लावतो. त्याला विचारायचं असतं, टाकलेली वस्तू गेली कुठं? होती तिथंच संपली तर अप. आपल्याला चिकटलेली सुटली तर ऑफ, म्हणून कर्ज, चप्पल आणि बसमधून उतरणं तिघांनाही ऑफ: पे ऑफ, टेक ऑफ, गेट ऑफ. दूर दुसऱ्याकडं गेली तर अवे. हे नियम नाहीत, कल आहेत. ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडून देणे, त्यात ‘अप’ का आहे याचा उलगडा करत बसू नका. शंभरात वीस-तीस अशी निघणारच, ती सरळ पाठ करायची.

मराठीत आणखी एक प्रकार आहे, तो तर शब्दाला शब्द जुळतो. तारीख पुढं ढकलणे, पुट ऑफ. काम अंगावर घेणे, टेक ऑन. शब्द मागे घेणे, टेक बॅक. कामात मागे पडणे, फॉल बिहाइंड. पार पाडणे, कॅरी आउट. ‘पार पाडणे’ यातला ‘पार’ कुठं आणि ‘पाडणे’ कुठं! कधी विचार केलात? मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला आपली भाषा अशीच दिसते. एकदा एक फ्रेंच बाई माझ्याकडं मराठी शिकायला येत होत्या. सीबीएसवर, म्हणजे आपल्या बस स्थानकावर, एसटीची वाट बघत असताना त्यांना एकानं सांगितलं, “गारगोटी लागलीय.” त्यांच्या वहीत तोवर ‘भूक लागली’, ‘ठेच लागली’, ‘झोप लागली’, ‘निकाल लागला’ एवढं होतं. म्हणजे गारगोटी गावाची एसटी फलाटाला आलीय. पण गारगोटी कुणाला लागली, हे त्यांना कळेना. त्यावर शेजारची बाई म्हणाली, “मला गाडी लागते.” झालं! त्यांनी वही मिटली. इंग्रजीतलं ‘गेट’ आपल्याला छळतं तसं आपलं ‘लागणे’ त्यांना छळतं. आणि हे इंग्रजांना ठाऊक नाही असंही नाही. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागं छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची आमची जी सवय आहे, ती परकीयांना सगळ्यात जड जाते.

आता हे अंगात मुरवायचं कसं. यादी नको, प्रसंग घ्या. तुम्ही शिरोलीला कामाला आहात म्हणून पुराचाच घेऊ. जुलैत आपलं सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी वर येतंय, इट्स कमिंग अप. शेतात पसरलं, इट स्प्रेड आउट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहर तुटलं, वी वेअर कट ऑफ. गॅस, दूध, पेट्रोल संपत आलं, वी वेअर रनिंग आउट ऑफ एव्हरीथिंग. पाणी उतरलं, इट वेंट डाउन. चिखल काढला, वी क्लीन्ड अप. गाद्या वाळायला आठवडे लागले, द मॅट्रेसेस टुक वीक्स टू ड्राय आउट. सात फ्रेजल व्हर्ब झाली, आणि प्रत्येकाला तुमच्या डोळ्यांसमोरचं एक चित्र आहे. त्या वेळी तुम्ही कुठं होतात, काय केलंत, हे यातच दहा वाक्यांत लिहा. स्वतःचंच लिहा, दुसऱ्याचं नको.

दुसरा प्रसंग चप्पल लाइनचा, म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलांच्या बाजाराचा. तिथल्या एका दुकानात बाहेरगावचे पाहुणे घेऊन मी नेहमी जाते. दुकानदार सातवी शिकलेला. फ्रेजल व्हर्ब हा शब्द त्यानं आयुष्यात ऐकलेला नाही. तो चप्पल पुढं सरकवतो, “ट्राय ऑन.” पाहुणा बसतो, घालतो, उठून दोन पावलं टाकतो, तोंड वाकडं करतो. हा हसतो, चामड्यावर बोट दाबून दाखवतो आणि म्हणतो, “न्यू, सो बाइट. वन वीक, यू ब्रेक इन. देन टेन इयर नो वेअर आउट.” व्याकरणाच्या नावानं शंख, पण तिन्ही फ्रेजल व्हर्ब अचूक. नवी चप्पल चावते, ती वापरून वापरून पायात बसवायची, त्याला इंग्रजीत खरोखरच ‘ब्रेक इन’ म्हणतात. माझ्या वर्गातल्या एम. ए. झालेल्या मुलांना ‘ब्रेक इन’ म्हटलं की फक्त घरफोडी आठवते. हा माणूस शब्द ज्या वस्तूला हात लावून शिकला, ती वस्तू त्याच्या हातात रोज आहे. दहा वर्षं टिकेल हे मात्र धंद्याचं बोलणं!

शब्द कुठं ठेवायचा, म्हणजे कर्म मधे घालायचं की मागं, यावर पुस्तकात पाच पानं असतात. मी एवढंच सांगते. अप, डाउन, आउट, ऑफ, अवे, बॅक हे बहुधा सुटे होतात. टर्न ऑफ द फर्नेस, टर्न द फर्नेस ऑफ, दोन्ही चालतं. पण ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ आलं की ते मधेच बसलं पाहिजे. टर्न इट ऑफ. ‘टर्न ऑफ इट’ कधीही नाही. उलट आफ्टर, फॉर, इंटू, विथ, अॅट हे कर्माच्या आधीच राहतात. लुक आफ्टर हिम, लुक फॉर इट, डील विथ देम. ‘ऑन’ दोन्हीकडं नांदतो, पुट इट ऑन पण गेट ऑन इट. ‘गेट ऑफ द बस’ मधला ‘ऑफ’ही असाच फितूर आहे. कर्म लांबलचक असेल तर छोटा शब्द क्रियापदाजवळच ठेवा. काल आलेली, रंग न दिलेली सगळी कास्टिंग्ज उचल, असं सांगताना ‘पिक’ म्हणून शेवटी ‘अप’ आणलात, तर तोवर ऐकणारा घरी गेलेला असतो. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ नंतर ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’. ही चूक मी साहेब लोकांच्या ईमेलातही बघते.

नको तिथं शेपूट लावायची सवयही आपल्याला आहे. कोप विथ म्हणा, ‘कोप अप विथ’ नव्हे. डिस्कस इट, ‘डिस्कस अबाउट’ नाही. रिटर्नला बॅक लागत नाही. ‘मी २०१९ ला पासआउट झालो’ हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या कस्टमरला वाटेल तुम्हाला चक्कर आली. त्याच्याशी बोलताना ‘आय फिनिश्ड माय डिप्लोमा’ म्हणा.

सारख्या दिसणाऱ्या दोघांपासून जपा, नाहीतर माझ्यासारखं होईल. क्लास सुरू करून दुसरंच वर्ष होतं. मुंबईच्या एका पाहुण्या वक्त्यांचं व्याख्यान आठवडाभर पुढं ढकलायचं होतं. मी मोठ्या रुबाबात ईमेल लिहिला, द प्रोग्राम हॅज बीन कॉल्ड ऑफ, आणि खाली नवी तारीख द्यायची विसरले. त्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट रद्द केलं आणि त्या नव्या तारखेला दुसरं काम घेतलं. कॉल ऑफ म्हणजे रद्द. पुढं ढकलणं म्हणजे पुट ऑफ, किंवा सरळ पोस्टपोन. ऐंशी खुर्च्या भाड्यानं सांगितल्या होत्या, त्यांचे पैसे मी खिशातून दिले. तेव्हापासून हे दोन शब्द माझ्याकडं पहिल्याच आठवड्यात शिकवले जातात. कॉलवर तुम्ही ऐकलंत ते ‘पुट इट ऑफ’ होतं ना? म्हणजे ऑर्डर गेली नव्हती, नुसती लांबली होती. आणि तुमच्याकडून उशीर होत असेल तर ‘वी पुट इट ऑफ’ म्हणू नका, त्यात चालढकल केल्याचा वास येतो. ‘वी आर रनिंग बिहाइंड, वी विल कॅच अप बाय फ्रायडे’ म्हणा.

ऐकताना कळत नाही त्याचं कारण वेगळं आहे. ते लोक शब्द सुटे बोलतच नाहीत. पिक इट अप हे ‘पिकिटप’ होतं, टर्न इट ऑफ हे ‘टर्निटॉफ’. पण आपण तरी ‘काय करायला लागला आहेस’ असं कुठं म्हणतो? ‘काय करालायस’ म्हणतो आणि पुण्याचा माणूस बघत राहतो. म्हणून नवं फ्रेजल व्हर्ब पहिल्यांदा तोंडानं शिकताना मधे ‘इट’ घालून, जोडून, मोठ्यानं म्हणा. तोंडाला जोडून बोलायची सवय झाली की कानाला ते सोडवता येतं.

वही कराच, पण दोन रकान्यांची नको. आठवड्याला पाच, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाखाली तुमच्या कारखान्यातलं त्या दिवशी खरोखर घडलेलं एक वाक्य. टूलचं इन्सर्ट झिजलं, द इन्सर्ट वोअर आउट. कूलंट कमी होतं, आय टॉप्ड इट अप. शिफ्ट दिली, आय हँडेड ओव्हर अॅट थ्री. न घडलेलं वाक्य लिहायचं नाही, एवढी एकच अट. अॅप चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल, उच्चार ऐकायला. पाठांतराला नको.

येत्या मंगळवारच्या कॉलसाठी तीनच घ्या: ब्रोक डाउन, रॅन आउट ऑफ, कॅच अप. शिरोलीला जाताना गाडीवर हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणा, कुणाला ऐकू जात नाही. आणि ‘ब्रेक’ नको, ‘ब्रोक’. काल बंद पडलंय ते.